परक्या नदीची पेटी

सिल्वाशात डेनियर कुणाला शिकवावा लागत नाही. आमली या इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही टपरीवर शिफ्ट सुटल्यानंतर चहा घेत उभ्या असलेल्या माणसाला विचारा. ९००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम, तितके त्या धाग्याचे डेनियर, हे तो कप खाली न ठेवता सांगेल. इथल्या बाजारात ७५/३६ आणि १५०/४८ हे आकडे नावांसारखे घेतले जातात. पहिला आकडा डेनियरचा, दुसरा एका धाग्यात किती तंतू आहेत त्याचा. या गावाची अर्धी रोजीरोटी पॉलिएस्टरच्या धाग्यावर चालते.

ट्राउट माशासाठी नकली कीटक बांधायचा, तर त्याचा धागाही डेनियरमध्येच विकला जातो. परदेशातून मागवलेल्या बोटभर बॉबिनवर ७० डेनियर लिहिलेलं असतं आणि त्यावर शंभरेक यार्ड धागा असतो. म्हणजे त्या सगळ्या धाग्याचं वजन एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. जरा मोठ्या गळासाठी १४० डेनियर वापरतात. आमच्या गल्लीतून रोज टेम्पो भरून जाणाऱ्या मालाचंच हे चिमुकलं रूप.

बेत न्यूझीलंडचा आहे. दक्षिण बेटाच्या पार खालच्या टोकाला, साउथलंडमध्ये, मटौरा नावाची नदी आहे. तिच्या काठच्या गोर या गावाने चौकात ट्राउटचा भला मोठा पुतळा उभारला आहे. ब्राउन ट्राउटच्या मासेमारीची जागतिक राजधानी, असं हे गाव स्वतःला म्हणवून घेतं. हंगाम बहुतेक नद्यांवर १ ऑक्टोबरला उघडतो आणि एप्रिलअखेर मिटतो. आपल्याकडे दिवाळी आणि थंडी, तेव्हा तिकडे वसंत आणि उन्हाळा. तिथे गाइडबरोबर नदीत उतरायचं म्हणून पेटी भरायला घेतली, आणि भरता भरता लक्षात आलं की या पेटीबद्दल सविस्तर लिहायला हवं. परदेशी मासेमारीच्या सामानाच्या याद्या पुष्कळ मिळतात. त्या सगळ्या काय न्यायचं ते सांगतात. काय न्यायचं नाही, आणि का, हा भाग त्यांत चार ओळींत उरकलेला असतो. मला तोच मोठा वाटतो.

आधी या मासेमारीचा गाभा सांगतो. आपल्याकडे गळ टाकताना वजन शिशाच्या गोळीचं किंवा आमिषाचं असतं. ते भिरकावलं की दोरी मागून जाते. फ्लाय फिशिंगमध्ये आमिषाला वजनच नसतं. पीस आणि धागा गुंडाळलेला तो गळ, म्हणजेच फ्लाय, फुंकरीने उडेल इतका हलका असतो. इथे वजन दोरीचं असतं. दोरीवर जाडसर प्लॅस्टिकचं आवरण असतं, आणि तिच्या पहिल्या ३० फुटांच्या वजनावरून तिचा नंबर ठरतो. पाच नंबरच्या दोरीचे हे ३० फूट १४० ग्रेन, म्हणजे सुमारे ९ ग्रॅम भरतात. आठ नंबरचे २१० ग्रेन. रॉड ही दोरी हवेत मागे-पुढे उलगडतो आणि टोकाची फ्लाय पाण्यावर अलगद टेकते. दुधनीला दमणगंगेवरच्या मधुबन धरणाच्या पाण्याकाठी मी याचा सराव करतो, तेव्हा पाग टाकणारे वारली आणि कोकणा गाववाले थांबून बघतात. पाग फेकताना कमरेतून जो झोक द्यावा लागतो तो त्यांच्या अंगात मुरलेला असतो, त्यामुळे दोरी कुठे चुकली हे त्यांना माझ्याआधी कळतं. एका म्हाताऱ्या काकांनी मला मागचा फेरा पुरता उलगडू द्यायला शिकवलं. रॉड त्यांनी त्याआधी कधी हातात धरला नव्हता.

दोरीच्या टोकाला लीडर, म्हणजे निमुळता होत जाणारा नायलॉनचा पारदर्शक भाग, आणि त्याच्या शेवटी सगळ्यांत बारीक टिपेट. टिपेटची जाडी एक्समध्ये मोजतात. हिशेब सोपा आहे: अकरातून एक्सचा आकडा वजा करा, उरेल तितके हजारांश इंच. पाच एक्स म्हणजे सहा हजारांश इंच, साधारण ०.१५ मिलिमीटर. मटौरावर बारीक कीटकांच्या वेळी याच्या आसपासचंच टिपेट लागतं. त्यावर दोन-अडीच किलोचा मासा खेळवायचा, म्हणजे गाठ नीट हवी आणि हात शांत हवा.

गाइड ठरवला की पहिलं काम म्हणजे त्याला नीट प्रश्न विचारणं. तुमच्याकडे काय सामान असेल? मी काय आणू नये? त्या आठवड्यात नदीत कोणता कीटक वर येतो? चांगला गाइड जाळी, डबा आणि बऱ्याचदा फ्लायही स्वतः आणतो. मग घरी बसून फ्लाय बांधायच्या कशाला, हा प्रश्न घरच्यांनी विचारला तो रास्तच होता. माझं उत्तर असं की फ्लाय बांधताना ती नदी शिकावी लागते. मटौरात मेफ्लाय प्रचंड आहे. हा कीटक आयुष्याचा बहुतेक काळ पाण्याखाली दगडांना चिकटून अळीच्या रूपात काढतो, मग पृष्ठभागावर येतो, कात टाकतो, पंख वाळवतो, आणि हवेत फार तर काही दिवस जगतो. न्यूझीलंडमध्ये सर्वत्र आढळणाऱ्या मेफ्लायच्या वंशाचं नाव डेलिएटिडियम. तिची अळी करडी-तपकिरी, चपट्या अंगाची, तीन शेपट्यांची. ट्राउट दिवसभर जे खातो त्यातला मोठा वाटा याच अळीचा. ती कशी दिसते, किती लांब असते आणि कशी पोहते, हे माहीत नसेल तर गळावर काय गुंडाळायचं तेच कळणार नाही. एकदा बांधून पाहिली की नदीकाठी उचललेल्या दगडाखाली ती लगेच ओळखू येते.

म्हणून पेटीत सगळ्यांत जास्त जागा फेझंट टेल निंफला, म्हणजे याच अळीच्या नकलेला. इंग्लंडमध्ये एव्हन नदीचा रखवालदार असलेल्या फ्रँक सॉयर यांनी ती तयार केली. तिची खुबी अशी की सॉयर बांधायला धागाच वापरत नसत. तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे चार तंतू, बस्स. तारेनेच बांधणी होते, तारेनेच वजन येतं आणि तारेचीच लालसर झाक अंगातून डोकावते. फेझंटचे तंतू मी बाहेरून घेतो. तार मात्र आमलीत मिळते. औद्योगिक वसाहत म्हटली की जळालेल्या मोटरी आल्या आणि मोटर रिवाइंडिंगची दुकानं आली. तिथे एनॅमलचा थर दिलेली तांब्याची तार गेजवर मिळते. ३८ गेजची तार ०.१५२ मिलिमीटर जाड असते, म्हणजे बरोबर पाच एक्स टिपेटइतकीच. सोळा नंबरच्या गळाला ती सुंदर बसते. (गळाचा नंबर वाढला की गळ लहान होतो, हे पहिल्यांदा पेटी भरणाऱ्याने लक्षात ठेवावं.) १२ नंबरसाठी ३६ गेज घ्यावा.

गळ व्हाइसमध्ये पकडायचा. तारेचे वेढे बाकापासून डोळ्यापर्यंत द्यायचे आणि पुढच्या तिसऱ्या भागात, जिथे अळीच्या पंखांची गाठ असते तिथे, तार दोनदा-तीनदा फिरवून उंचवटा करायचा. तंतू टोकांकडून पकडायचे, टोकं शेपटीइतकी मागे सोडायची. मग तंतू आणि तार एकत्र पिळून पुढे गुंडाळत न्यायचे. पीळ दिल्यामुळे तंतू एकटे राहत नाहीत, माशाचा दात लागला तरी अंग उसवत नाही. उंचवट्यावरून तंतू पुढे, मागे, पुन्हा पुढे दुमडायचे आणि डोळ्यापाशी तारेचे चार वेढे देऊन कापायचं. बोटाच्या पेरापेक्षा लहान वस्तू, पण पहिल्या काही फ्लाय बांधताना उंचवटा पुढे सरकतो आणि डोळा बुजतो. डोळा बुजला तर नदीकाठी थंडीने आखडलेल्या बोटांनी टिपेट ओवता येत नाही. त्यामुळे बांधून झाल्यावर प्रत्येक फ्लायच्या डोळ्यातून सुई फिरवून बघायची, मगच ती पेटीत.

सिल्वाशाचं धाग्याचं ज्ञान इथे फार उपयोगी पडतं. पॉलिएस्टरची घनता १.३८, म्हणजे ते पाण्यात बुडतं. पॉलिप्रॉपिलीनची ०.९१, म्हणजे ते तरंगतं. मग बुडायला हवं त्या अळीचं अंग पॉलिएस्टरचं करायचं, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायच्या पाठीवरचा पांढरा तुरा, ज्याच्याकडे बघून ती प्रवाहात कुठे आहे हे कळतं, तो पॉलिप्रॉपिलीनचा. दोन्ही धागे इथे जागोजागी आहेत. बांधणीला सपाट एफडीवाय चांगला, कारण तो गळावर पसरतो आणि उंचवटा येत नाही. अंगाला टेक्स्चराइझ केलेला डीटीवाय चांगला, कारण त्याच्या कुरळेपणात हवा अडकते आणि केसाळ अळीचा भास होतो. अमेरिकेतले गॅरी लाफोंटेन यांनी याचा खोलवर अभ्यास केला. कॅडिस नावाचा कीटक पाण्यातून वर येताना कसा दिसतो ते बघायला ते स्वतः नदीत बुड्या मारत. वर येणाऱ्या कीटकाभोवती वायूचे बुडबुडे चमकतात हे त्यांनी पाहिलं आणि ती चमक आणण्यासाठी त्रिकोणी छेदाचा चकाकता कृत्रिम तंतू फ्लायमध्ये वापरला. ‘कॅडिसफ्लाइज’ हे त्यांचं पुस्तक १९८१चं. असा ट्रायलोबल ब्राइट धागा म्हणजे काय हे आमच्याकडच्या लूम ऑपरेटरला समजावून सांगावं लागत नाही. तो धागा उन्हात धरून दाखवतो.

बाकीच्या फ्लाय थोडक्यात सांगतो. पाण्यावर तरंगणारी पॅराशूट अ‍ॅडम्स दोन-तीन मापांत. मूळ अ‍ॅडम्स १९२२ साली मिशिगनमध्ये लेन हॅलडे यांनी बांधली आणि शंभर वर्षांनंतरही तिच्यावाचून पेटी पुरी होत नाही. कॅडिससाठी एल्क हेअर कॅडिस. भर उन्हाळ्यात सिकाडा, आणि काठच्या विलोच्या झाडांवरून पाण्यात पडणाऱ्या पिवळ्या बारीक अळीची नक्कल. पाऊस होऊन पाणी गढूळलं तर काळी वुली बगर. सगळ्या गळांचे काटे चिमट्याने दाबून टाकलेले, म्हणजे मासा सोडताना तोंड फाटत नाही. यापेक्षा जास्त नमुने नेऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. पाच-सहा नमुने दोन-तीन मापांत असले तर माणूस पाण्याकडे बघतो. तीस नमुने असले तर पेटीकडेच बघत बसतो.

आता पिसांकडे येतो. तरंगणारी फ्लाय तरंगते ती कोंबड्याच्या मानेच्या पिसावर. पीस गळाभोवती गुंडाळलं की त्याचे ताठ तंतू चहूबाजूंनी उभे राहतात आणि पाण्याच्या ताणावर टेकतात. भारतातल्या गावठी कोंबड्यांच्या माना एके काळी इंग्लंडच्या फ्लाय बांधणाऱ्यांना मोठ्या प्रमाणावर जात. पुढे अमेरिकेत खास या पिसांसाठी कोंबडे पैदास करणारे फार्म निघाले आणि चित्र बदललं. पण या व्यापारात एक काळी बाजू होती आणि तिचा उगम आपल्याच डोंगरात आहे. सह्याद्रीतला राखी रानकोंबडा, ज्याचं शास्त्रीय नाव गॅलस सोनेरॅटी, त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळट-पांढरे चकचकीत ठिपके असतात. पिसाचा कणाच तिथे चपटा होऊन लाखेसारखा झालेला असतो. सामन माशाच्या शोभिवंत फ्लायना, जॉक स्कॉटसारख्या प्रसिद्ध फ्लायला, हे ठिपके डोळ्यांसारखे लावले जात. त्यासाठी हा पक्षी मारून त्याची मान सोलली जायची. १९०२ साली हिंदुस्थान सरकारने जंगली पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीला बंदी घातली, तरी या माना पुढेही कित्येक दशकं समुद्रापलीकडे जात राहिल्या. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर प्रश्नच उरला नाही. डांगच्या आणि जव्हारच्या बाजूला पहाटे त्याची तुटक बांग ऐकली, की कुठल्याशा स्कॉटिश नदीतल्या माशासाठी हा पक्षी मारला जायचा याचं मला फार वाईट वाटतं.

मोराचंही तसंच. मोरपिसाचे हिरवट-तपकिरी तंतू अनेक नामांकित फ्लायमध्ये लागतात. आपल्याकडे झडलेलं मोरपीस घरोघरी देव्हाऱ्यात असतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण मोरपिसांची देशाबाहेर निर्यात बंद आहे. मोर राष्ट्रीय पक्षी आहे, आणि परदेशात विमानतळावर पीस हातात धरून ‘हे आमच्या दारात पडलं होतं’ असं सांगून काही साधत नाही. पेटीत रानकोंबडा नको, मोर नको, कुठल्याही जंगली पक्ष्याचं पीस नको. हिरवट झाक हवीच असेल तर रंगीत पॉलिएस्टरची झीक वापरा. ट्राउटला फरक पडत नाही.

पिसांच्या मागोमाग चिखलाची गोष्ट येते, आणि ती जास्त महत्त्वाची आहे.

२००४च्या ऑक्टोबरमध्ये साउथलंडच्याच खालच्या वायाऊ नदीत डिडिमो नावाचं सूक्ष्म शैवाल सापडलं. ते दगडांवर ओल्या लोकरीसारखा जाड तपकिरी थर धरतं. तळाचे कीटक त्याखाली बदलतात, नदीचं रूप बिघडतं. एका थेंबातून ते पुढच्या नदीत जाऊ शकतं, आणि न्यूझीलंडच्या नद्यांमध्ये एका दिवसात दोन-दोन ठिकाणी उतरणारा प्राणी म्हणजे मासेमार. तेव्हा वेडिंग बुटांच्या, म्हणजे पाण्यात उतरायच्या बुटांच्या, तळांना लोकरीचा नमदा असायचा, कारण शेवाळी दगडांवर तो घसरत नाही. पण नमदा पाणी धरून ठेवतो, लवकर वाळत नाही. २००८च्या ऑक्टोबरपासून न्यूझीलंडने मासेमारीत नमद्याच्या तळांवर बंदी घातली. म्हणून बूट घेताना रबरी तळाचे, हवे तर धातूच्या खिळ्यांचे घ्या. जुने नमद्याचे बूट कुणी प्रेमाने देऊ केले तरी त्या देशात नेऊ नका.

सामान धुण्याचा तिकडचा नियम तीन शब्दांचा आहे: तपासा, धुवा, वाळवा. भांड्यांच्या साबणाचं ५ टक्के द्रावण, म्हणजे ५०० मिलिलिटर साबणात पाणी घालून १० लिटर. त्यात निदान एक मिनिट बुडवायचं, पाणी शोषणारी वस्तू असेल तर आतपर्यंत भिजेतोवर. वाळवायचं असेल तर हाताला पूर्ण कोरडं लागल्यावर पुढे आणखी ४८ तास. आमच्याकडे हे पावसाळ्यात अशक्य असतं; जून ते सप्टेंबर आमलीत कपडे वाळत नाहीत तिथे बुटांची काय कथा. त्यामुळे सराव थांबवून सामान दसऱ्यानंतरच्या उन्हात धुवावं, दोरीवर टांगावं आणि मग लगेच बांधावं, मधे कुठल्या पाण्यात नेऊ नये. बुटाच्या नाडीच्या छिद्रांत, वेडरच्या (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीच्या) घडीत, जाळीच्या गाठीत बिया आणि माती राहते. जुना टूथब्रश आणि टोकदार काडी हे या कामाचं खरं हत्यार.

न्यूझीलंडमध्ये उतरताना वापरलेलं मासेमारीचं सामान जाहीर करावं लागतं. पिसं आणि केस असलेल्या फ्लायही जाहीर कराव्यात. खाण्याचं सगळंच जाहीर करावं, आणि दिवाळीत निघणाऱ्यांनी हे कान देऊन ऐकावं: चिवडा, चकली, तुपातले लाडू, लोणचं, सगळं. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात. न जाहीर केलेली सापडली तर तिथल्या तिथे ४०० डॉलर दंड. आइसलंडने तर वापरलेल्या मासेमारी सामानाचं निर्जंतुकीकरण सक्तीचं केलं आहे. पशुवैद्याचा दाखला न्यायचा, नाहीतर विमानतळावर पैसे देऊन करून घ्यायचं. कुणाला हे देश फार कडक वाटतात. मला ते शहाणे वाटतात, आणि त्याचं कारण लोणावळ्यात आहे.

टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याला वळवणच्या पाण्याशी महसीर माशाचं बीज तयार करण्याचं काम १९७०च्या सुमारास सुरू केलं. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून कर्नल साइक्सने १८३९ साली ज्या माशाचं वर्णन केलं तो हा टॉर खुद्री, निळसर परांचा दख्खनी महसीर. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी त्याची अंडी, त्याचा विणीचा काळ आणि पिल्लांची वाढ यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलेला लेख आजही मूलभूत मानला जातो. गाभोळीने भरलेल्या मादीचं पोट अलगद दाबून अंडी काढायची, नराचं वीर्य मिसळायचं, वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ती उबवायची. हे काम इथल्या माणसांनी वर्षानुवर्षं केलं आणि लाखो पिल्लं देशभरच्या पाण्यांत सोडली. धरणांनी आणि सुरुंगांनी संपत चाललेला मासा या कामामुळे तगला. २०१८ साली आंतरराष्ट्रीय यादीत तो धोक्याच्या वर्गातून बाहेर आला. मराठी मुलखात झालेलं हे मोठं काम आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण त्याच पिल्लांपैकी काही कावेरीत सोडली गेली. कावेरीत तिचा स्वतःचा महसीर होता, पाठीवर उंच कुबड असलेला, जगातला सर्वांत मोठा महसीर. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कबिनीत धरलेला १२० पौंडांचा मासा याच जातीचा. शेकडो वर्षं नदीत असलेल्या या माशाला शास्त्रीय नावच नव्हतं. कावेरीवरच्या मासेमारी कॅम्पांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या तेव्हा दिसलं की निळ्या परांचा पाहुणा वाढत गेला आणि कुबडवाला घटत गेला. नदीतल्या धरणांचा, वाळूउपशाचा आणि सुरुंगांचा वाटा त्यात आहेच. पण बाहेरून सोडलेला मासा हेही एक मोठं कारण म्हणून पुढे आलं. कुबडवाला म्हणजे टॉर रेमादेवी, अशी ओळख २०१८ साली पक्की झाली आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. नाव मिळालं आणि त्याच सुमाराला यादीतही सर्वांत वरच्या धोक्यात गेला. लोणावळ्यातल्या कुणाचाही हेतू वाईट नव्हता. वाचवलेला मासा परक्या नदीत गेला, एवढंच झालं.

न्यूझीलंडचा ट्राउटही असाच आणलेला आहे. १८६४ साली ‘नॉरफोक’ जहाजातून इंग्लंडची सामन आणि ट्राउटची अंडी शेवाळात लपेटून, बर्फात ठेवून तीनेक महिन्यांच्या प्रवासाने टास्मानियाला पोचली. तिथून ब्राउन ट्राउट १८६७ साली न्यूझीलंडला गेला. रेनबो ट्राउट कॅलिफोर्नियातून १८८३ साली. मासे परदेशी न्यायचे तर पेटी कशी भरावी, याचा तो एक थक्क करणारा धडा होता. त्या ट्राउटने तिथल्या मूळच्या लहान गॅलॅक्सिड माशांना अनेक ओढ्यांतून हुसकावलं. मी जिथे जातो आहे ती सुंदर नदीही कुणाच्यातरी पेटीने कायमची बदललेली आहे. हे डोक्यात ठेवूनच मी जातो.

वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसेश्वराचं देऊळ आहे. तिथल्या डोहात महसीर आहेत, लोक त्यांना लाह्या-चणे घालतात, कुणी धरत नाही. आमलीहून जव्हारमार्गे जाता येतं. परदेशी जाण्याआधी प्रत्येक गळवाल्याने तिथे तास-दोन तास बसावं असं मला वाटतं. एवढा मोठा मासा खाण्याकडे कसा येतो, कुठे थांबतो, सावली पडली की कसा वळतो, हे तिथे रॉडशिवाय दिसतं. पुढेमागे नेपाळमध्ये कर्णालीवर सोनेरी महसीरसाठी जायचं झालं तर पेटी सगळीच वेगळी: आठ-नऊ नंबरचा रॉड, जाड टिपेट, लहान माशांची नक्कल करणाऱ्या फ्लाय, आणि गळ अतिशय मजबूत. महसीरच्या घशात दात असतात, त्यांत तो शंख-शिंपले फोडतो, नाजूक गळाचं तर काहीच राहत नाही. हेन्री सुलिव्हान टॉमस यांनी १८७३च्या ‘द रॉड इन इंडिया’त या ताकदीची नोंद केली आहे.

सामानाचं उरलेलं पटकन सांगून टाकतो. नऊ फुटी, पाच नंबरचा, चार तुकड्यांचा रॉड. तुकडा जेमतेम ७० सेंटिमीटरचा होतो, नळी मोठ्या बॅगेत तिरकी बसते. सुटं टोक असेल तर नक्की. रीळ एक, पण दोरी असलेलं सुटं स्पूल बरोबर. रिळात सगळ्यांत आत जी बॅकिंग असते ती विणलेल्या पॉलिएस्टरचीच असते. दोरीचा रंग फिका हिरवा. भडक केशरी नको. मटौराचं पाणी इतकं नितळ असतं की मासा तुम्हाला आधी बघतो, म्हणून लीडर बारा फुटांचा आणि कपडे मातकट. पोलराइज्ड चष्मा रॉडइतकाच महत्त्वाचा, नंबर असेल तर नंबरचा. गळ, चिमटा आणि कात्री चेक-इन बॅगेत. वेडर घडी करून नका दाबू, गुंडाळा. फ्लायच्या डबीत सिलिका जेलची पुडी, नाहीतर आपल्या हवेत गळ विमानात बसेपर्यंत गंजतात. लोकरीचा आतला थर, जलरोधक जॅकेट, कारण साउथलंडमध्ये उन्हाळ्यातही दुपारी गारा पडू शकतात. सँडफ्लाय चावते, तिच्यासाठी औषध न्यावं, पण डीट असलेलं औषध तळहाताला लागू देऊ नये: ते दोरीचं आवरण वितळवतं. मनगटाच्या मागच्या बाजूने लावावं.

परवाना ऑनलाइन काढता येतो, आणि गाइड सांगेल त्या भागाचाच काढावा. तिथे ट्राउट विकायला कायद्याने बंदी आहे. दुधनीच्या पाणकाठच्या लोकांना हे पटायला कठीण जातं, आणि त्यांचंही चूक नाही: धरणाने ज्यांची जमीन नेली त्यांच्या ताटात मासा ही चैन नसते. माझं मासा सोडणं आणि त्यांचं धरणं यांत कोण थोर, हा प्रश्न मी मांडत नाही. पाण्याची काळजी दोघांनाही तितकीच आहे, हे मी त्यांच्या बोलण्यात ऐकलं आहे.

परतताना पेटी पुन्हा एकदा तशीच धुऊन काढायची आहे. न्यूझीलंडची मड स्नेल ही चार-सहा मिलिमीटरची गोगलगाय आहे. ती नराशिवाय पिल्लं देते, म्हणजे एकच गोगलगाय नवी वसाहत उभी करू शकते. १९८७ साली ती अमेरिकेत आयडाहोच्या स्नेक नदीत सापडली आणि पश्चिमेच्या नद्यांत पसरली. मासेमारांचे बूट हा तिचा एक ठरलेला वाहक. ओलसर बुटाच्या शिवणीत ती कित्येक दिवस जिवंत राहते. कडाक्याच्या थंडीत मात्र मरते. म्हणून घरी आल्यावर बूट, जाळी आणि वेडरचे पाय आधी साबणाच्या पाण्यात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये, आणि त्यानंतर गच्चीवर कडक उन्हात. हे सगळं झाल्याशिवाय दमणगंगेच्या पाण्यात पाय घालायचा नाही.